ठाणे ते ऑकलंड: अंतर किती, वेळ किती

लेक ऑकलंडला नोकरीला लागली तेव्हापासून ओळखीचं कुणीही भेटलं की दोन प्रश्न ठरलेले, किती लांब आहे हो आणि किती तास लागतात. मी ठाण्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवते, त्यामुळे "खूप लांब आहे" असं मोघम सांगणं मला जमत नाही. शिवाय या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत हेच मला या प्रवासात डोळ्यांनी बघायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहितेय. आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना तिकडे पाठवणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी अंतर. मुंबईहून ऑकलंडला थेट फ्लाइट नाही, कुठेतरी उतरून जावंच लागतं. तिकीट बुक करायच्या आधी मी पृथ्वीगोल काढला, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं ऑकलंडवर धरून घट्ट ताणला. ताणलेला दोरा गोलावर जिथून जातो तो सगळ्यात जवळचा रस्ता, बृहद्‌वृत्ताचा. आणि तो दोरा बरोब्बर सिंगापूरवरून गेला! मग आकडे मांडले. मुंबई ते ऑकलंड सरळ धरलं तर साधारण १२,३०० किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर ३,९०० च्या थोडं वर आणि सिंगापूर ते ऑकलंड ८,४०० च्या थोडं वर. बेरीज करून बघा, सिंगापूरला उतरल्यामुळे वळसा पडतो तो जेमतेम पंचवीस किलोमीटरचा, म्हणजे आमच्या नौपाड्यातून मुंबई विमानतळावर जायचं जेवढं अंतर तेवढाच. १२ हजार किलोमीटरमध्ये पंचवीस किलोमीटर!

आता दुबईमार्गे बघा. दुबई-ऑकलंड थेट विमान मार्च २०१६ पासून आहे, पण त्यासाठी आधी मुंबईहून १,९०० किलोमीटर उलट्या दिशेला पश्चिमेकडे जायचं आणि तिथून १४,२०० किलोमीटर परत पूर्वेकडे. एकूण १६,१०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ३,८०० किलोमीटर जास्त, आणि त्यातला दुसरा टप्पा सलग सोळा-सतरा तास सीटवर बसून. आम्ही बघितलं तेव्हा ते तिकीट थोडं स्वस्त होतं आणि नवऱ्याचं मन तिकडे झुकत होतं, पण त्याच्या हातात दोरा दिला आणि म्हटलं आता दुबईवरून नेऊन दाखव, मग त्याने स्वतःच सिंगापूर म्हटलं.

शुक्रवार

विमान रात्री साडेअकराचं. साडेसहाला घर सोडलं. शुक्रवारची संध्याकाळ, तीन हात नाक्यापासून ईस्टर्न एक्सप्रेसवर गाड्यांची रांग, पुढे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला पवईजवळ तर गाडी जागची हलेना. जवळजवळ दोन तास लागले. विमानात नंतर हिशोब केला, तेवढ्या दोन तासांत आम्ही सोळा-सतराशे किलोमीटर कापले. माझं म्हणणं एवढंच की प्रवासाचे तास मोजायचे तर विमानाचे नाही, दारापासून दारापर्यंतचे मोजावेत, वयस्कर माणूस दमतो तो या सगळ्याने मिळून दमतो. (नेरूळची नणंद म्हणत होती आमच्या इथून जा म्हणून, पण तेव्हा उलव्याचं नवी मुंबई विमानतळ सुरू झालं नव्हतं. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबरपासून उडायला लागली.)

टेक ऑफनंतर मी समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावला तो शेवटपर्यंत तसाच ठेवला, पिक्चर बघितला नाही. महाराष्ट्र ओलांडून आंध्रचा किनारा, मग बंगालचा उपसागर, निकोबार आणि खाली मलाक्काची सामुद्रधुनी. वर्गात आपण फळ्यावर खडूने काढतो ती नावं एकामागून एक खालून जात होती, खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता तरी मला ती दिसत होती असं म्हटलं तर चालेल.

शनिवार

साडेपाच तासांनी सिंगापूर. आपल्या घड्याळात पहाटेचे पाच, तिकडे सकाळचे साडेसात, अडीच तास पुढे. शरीराला वाटतंय अजून रात्र आहे आणि बाहेर लख्ख ऊन.

पुढचं विमान रात्री नऊच्या आत-बाहेरचं, म्हणजे तेरा-साडेतेरा तासांचा लेओव्हर. हे आम्ही मुद्दाम घेतलं होतं. दुसरा पर्याय दीड तासापेक्षाही कमी वेळाचा होता, त्यात मुंबईचं विमान लेट झालं की संपलंच, आणि नवऱ्याचे गुडघे बघता धावपळ नको होती. चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, इमिग्रेशनच्या आतच तासांवर खोली मिळते, आम्ही सहा तासांची घेतली, अंघोळ केली, आडवे झालो. माझा सगळ्यांना आग्रह आहे की साठीच्या पुढची माणसं असतील तर इथे पैसे वाचवू नका. पाय सुजणं, डोकं जड होणं हे पुढच्या रात्री जाणवतं, या झोपेने ते खूपच कमी होतं.

उठल्यावर टर्मिनल तीनमधली फुलपाखरांची बाग बघितली आणि स्कायट्रेनने टर्मिनल दोनकडे जाताना विमानतळालाच लागून असलेल्या ज्युएल मॉलमधला तो ४० मीटर उंचीचा धबधबा दिसला, छपराच्या मधोमध गोल भोकातून पाणी खाली पडतं. गाडी अगदी बाजूनेच जाते, व्हिसा नसला तरी एवढं दर्शन होतं.

गोळ्यांचा मुद्दा इथेच सांगते कारण तो फार महत्त्वाचा आहे आणि घाईत राहून जातो. नवऱ्याची बीपीची गोळी रोज सकाळी आठची. पण कुठले आठ, ठाण्याचे, सिंगापूरचे की ऑकलंडचे? आमच्या डॉक्टरांनी निघायच्या आधीच कागदावर लिहून दिलं होतं की प्रवासात ठाण्याचं घड्याळ धरायचं आणि पोचल्यावर थोडं थोडं सरकवत न्यायचं, त्यामुळे त्याने मनगटावरचं घड्याळ बदललंच नाही आणि मी मोबाइलमध्ये तिथली वेळ ठेवली. प्रत्येकाचं औषध वेगळं, तेव्हा ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं, पण विचारावं नक्की.

रात्रीच्या विमानात मी खिडकीची सीट मागून घेतली होती. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला, जेमतेम १४०-१५० किलोमीटरवर. विमान आग्नेयेकडे तिरकं जातं त्यामुळे उडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी नकाशावरचं छोटं विमान त्या रेषेवर आलं. मी नवऱ्याचा हात धरला आणि म्हटलं, अहो बघा, आता आपण दक्षिण गोलार्धात. इतकी वर्षं वर्गात शिकवते, उत्तर गोलार्धात उन्हाळा तेव्हा दक्षिणेला हिवाळा, आणि ती ओळ ओलांडताना मला खरंच भरून आलं. बाहेर दूरवर ढगात विजा चमकत होत्या, विषुववृत्ताजवळ गरम दमट हवा वर चढते आणि असे उंच ढग तयार होतात, विमान थोडं हललं पण ती हवाई सुंदरी सहज म्हणाली इथे असं होतंच.

रविवार

८,४०० किलोमीटर, साडेनऊ तास. ऑस्ट्रेलियावरून जाताना रात्री केव्हातरी जाग आली आणि स्क्रीनवर जमिनीवरचा वेग बघितला तर ताशी १,०२० किलोमीटर. विमानाचा हवेतला स्वतःचा वेग नऊशेच्या आसपास असतो, वरचे शंभर-सव्वाशे वाऱ्याने दिलेले. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जे जोरदार वारे वाहतात ती जेट स्ट्रीम, आणि दक्षिणेतला हिवाळा जवळ आला की ऑस्ट्रेलियावरची जेट स्ट्रीम जास्त जोर धरते. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. हा आकडा पाठ करून ठेवला, परतीला तुलना करायची होती.

ऑकलंडला सकाळी दहा वीसला उतरलो. खाण्याच्या वस्तूंबद्दल हे लोक अतिशय कडक आहेत आणि ते बरोबरच आहे, बाकीच्या जगापासून इतकं लांब बेट, बाहेरची एक कीड आत आली तर त्यांची शेती आणि जंगलं दोन्ही धोक्यात. फॉर्मवर सगळं खरं लिहायचं. न सांगता काही सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. मध तर नेऊच नका. आम्ही पॅकबंद गोडा मसाला, मेतकूट, चकल्या सगळं लिहिलं होतं. मेतकूट म्हणजे काय हे त्या अधिकारी बाईंना मी हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, भाजून दळलेलं, असं एकेक सांगितलं, त्यांनी पाकीट हातात घेऊन नीट बघितलं, आभार मानले आणि परत दिलं.

लेकीच्या दारात पोचलो तेव्हा तिथले साडेबारा, ठाण्यात रविवार सकाळचे सहा. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी साडेसहापासून मोजलं तर साडेपस्तीस तास, आणि त्यातले हवेतले फक्त पंधरा! आता कुणी किती तास लागतात विचारलं की मी दोन्ही आकडे सांगते.

अजून एक, खूप जणांना वाटतं न्यूझीलंडला जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतो आणि म्हणून तारीख बदलते. तसं नाही. ऑकलंड १८० रेखावृत्ताच्या अलीकडेच आहे, पावणेएकशे पंचाहत्तर अंश पूर्वेला, आपण फक्त पूर्वेकडे सरकत जातो आणि घड्याळ पुढे पुढे जातं. मे महिन्यात फरक साडेसहा तासांचा, त्यांच्या उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे करतात तेव्हा साडेसात.

सोमवार, मंगळवार

झोपेत गेले. पूर्वेकडे जाताना शरीराला नेहमीपेक्षा लवकर झोपायला लावायचं असतं आणि ते त्याला जड जातं, उशिरा झोपणं सोपं असतं. आम्ही रात्री दोनला टक्क जागे आणि दुपारी तीनला पेंगत. लेक ऑफिसमधून फोन करून सांगायची, आई झोपू नका, बाबांना घेऊन बाहेर उन्हात जा. तोच खरा उपाय, दिवसाचा उजेड.

बुधवार

माउंगाव्हाऊ, म्हणजे माउंट ईडन, चढलो. उंची १९६ मीटरच, पण वर तोंडाशी खोल वाटी आहे, ज्वालामुखीची. ऑकलंड शहर अशा पन्नासेक ज्वालामुखींवर वसलंय. समोर समुद्रात रांगितोतो बेट दिसतं, ते यातलं सगळ्यात तरुण, सहाशेच वर्षांपूर्वीचं. सह्याद्रीचा आपला काळा दगडही ज्वालामुखीचाच पण साडेसहा कोटी वर्षांचा, तेव्हा सहाशे वर्षं म्हणजे कालचीच गोष्ट. नवरा कठड्याला धरून बराच वेळ बघत उभा होता.

संध्याकाळी सँडरिंगहॅमला डोसा खाल्ला. तिथे डोंबिवलीचं एक जोडपं भेटलं, मुलाकडे आलेलं, ते दुबईमार्गे आले होते. काकू म्हणाल्या सतरा तासांच्या त्या टप्प्यानंतर दोन दिवस पाय चपलेत जात नव्हते. मी त्यांना परतीसाठी दर तासाला उठून चालायचं, पोटऱ्यांचे व्यायाम करायचे, पाणी भरपूर प्यायचं हे सगळं लिहून दिलं. विमानातली हवा अतिशय कोरडी असते, तहान लागली नाही तरी पाणी घेत राहावं लागतं.

शुक्रवार

हा दिवस माझ्यासाठी सगळ्यात मोठा. १६ मेच्या सुमारास ठाण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो दिवस आम्ही ऑकलंडमध्ये असताना येणार होता, तेव्हा मी आधीच ठरवलं होतं की त्याच वेळी तिथली सावली मोजायची. नेमका आठवडाभर ढग. पण शुक्रवारी सकाळी ऊन पडलं आणि आम्ही जवळच्या मैदानात एक मीटरची सरळ काठी ओळंबा लावून रोवली.

बारा वाजता मध्यान्ह झालीच नाही. सावली कमी कमी होत गेली आणि सगळ्यात आखूड झाली ती बारा सतराच्या सुमारास, कारण तिथलं घड्याळ १८० रेखावृत्तावर लावलेलं आणि शहर त्याच्या पश्चिमेला सव्वापाच अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे एकवीस मिनिटं उशीर, त्यातून मे महिन्यात सूर्य स्वतः जवळजवळ चार मिनिटं पुढे असतो ती वजा. स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ, वर्गात मुलांना अवघड जाणारा धडा, इथे गवतावर दिसत होता.

सावलीची लांबी आली १४८ सेंटिमीटर, काठीच्या जवळजवळ दीडपट. आणि पडली दक्षिणेकडे, कारण तिथे सूर्य उत्तरेच्या आकाशात असतो. या मापावरून डोक्यावरच्या रेषेपासून सूर्य किती कलला ते काढलं तर छप्पन अंश येतं. त्याच दिवसांत ठाण्यात तो कोन शून्य. म्हणजे ठाणे आणि ऑकलंडमध्ये उत्तर-दक्षिण छप्पन अंशांचं अंतर, दर अंशाला १११ किलोमीटर, ६,२०० किलोमीटर! इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास इजिप्तमध्ये याच तत्त्वाने पृथ्वीचा घेर काढला होता, आणि आम्ही तिघं एका परक्या देशातल्या मैदानात एका काठीने घरापासूनचं अंतर काढत होतो. ६,२०० हे फक्त उत्तर-दक्षिण, पूर्वेकडे जे एकशे दोन अंश सरकलो ते त्यात धरल्यावर १२,३०० होतात. लेकीने सगळ्याचा व्हिडिओ काढला, तो मी जूनमध्ये वर्गात दाखवला.

त्या रात्री चंद्र बघितला, आपल्याकडे दिसतो त्याच्या उलटा, सशाचा डाग डोक्यावर केल्यासारखा. त्रिशंकू हा तारकासमूह जवळजवळ माथ्यावर. ठाण्यातून मे महिन्यात तो दक्षिण क्षितिजाजवळ, इमारतींच्या वर कसाबसा येतो.

मग आणखी काही दिवस लेकीकडे आरामात गेले, ते घरगुती आहे, त्यात लिहिण्यासारखं नाही.

शनिवार, परत

दुपारी बाराचं विमान. यावेळी मधला थांबा दोन तासांच्या आतला होता. तस्मान समुद्रावरून दोन हजार किलोमीटर नुसतं निळं पाणी, मग ऑस्ट्रेलियाचा हिरवा किनारा, आणि तासाभराने खाली जमीन तांबडी झाली. येताना रात्र होती म्हणून काही दिसलं नव्हतं, आता तास न् तास तेच, लाल माती, कोरड्या नद्यांच्या रेघा, एकही गाव नाही. स्क्रीनवर वेग ताशी ७९०. तेच विमानाचं ताकदीचं उड्डाण, तोच रस्ता, पण वारा समोरून. येताना साडेनऊ तास लागलेल्या ८,४०० किलोमीटरला आता दहा तास पन्नास मिनिटं लागली. अंतर तेच आणि वेळ एक तास वीस मिनिटं जास्त, आणि म्हणूनच किलोमीटरवरून तास काढता येत नाहीत.

शिवाय सूर्य आमच्याबरोबर पश्चिमेकडे चाललेला. ऑकलंडला त्या दिवसांत साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, आम्हाला मात्र सिंगापूरला सातला उतरेपर्यंत उजेड होता, म्हणजे टेक ऑफपासून सलग जवळजवळ अकरा तास. पुढचं विमान पकडून मुंबईला रात्री पावणेबाराला, तारीख तीच, शनिवारच. आमचा तो शनिवार साडेतीस तासांचा झाला.

रस्ते मोकळे होते, दीडला घरी. दारापासून दारापर्यंत साडेतेवीस तास. हवेत जास्त वेळ, पण एकूण प्रवास जाताना लागला त्यापेक्षा बारा तासांनी कमी, सगळा फरक लेओव्हरचा. तरी पुन्हा विचाराल तर जाताना मी मोठाच लेओव्हर घेईन, कारण पूर्वेकडे जाताना शरीराला त्याची गरज असते. येताना झोप सोपी गेली, दोन-तीन दिवसांत मी जागेवर आले, नवरा मात्र आठवडाभर पहाटे चारलाच उठून तलावपाळीला फेरी मारून येत होता आणि येताना दूध घेऊन येत होता.